इरास्मस मुंडस पत्रकारिता : तरुण पत्रकारासाठी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे परीक्षण

इरास्मस मुंडस पत्रकारिता या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करताना उमेदवाराला दुसऱ्या वर्षाचा निर्णय पहिल्या वर्षाच्या आधी घ्यावा लागतो. पहिले वर्ष सर्वांचे एकच, डेन्मार्कमधील आर्हुस शहरात असते. दुसरे वर्ष मात्र निवडलेल्या विशेष विषयानुसार युरोपातल्या वेगवेगळ्या विद्यापीठांत घालवायचे असते आणि ही निवड अर्जातच नोंदवायची असते. अर्ज करू पाहणाऱ्या तरुण पत्रकारांशी बोलताना मला जाणवते, की आर्हुसविषयी त्यांनी पुष्कळ वाचलेले असते, शिष्यवृत्तीचे नियमही त्यांना तोंडपाठ असतात, पण ज्या विभागात बसून आपण प्रबंध लिहिणार आहोत तिथे नेमके काय आणि कोणत्या पद्धतीने शिकवले जाते, याची माहिती त्यांच्याकडे फार तोकडी असते. हा अभ्यासक्रम मी पूर्ण केला आहे. तो मला मनापासून आवडला, आणि तो प्रत्येक तरुण पत्रकारासाठी नाही असेही माझे स्पष्ट मत आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात, हे सविस्तर सांगावे यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

युरोपीय संघाने २००४ साली इरास्मस मुंडस योजना सुरू केली. १९८७ पासून चालत आलेली मूळ इरास्मस योजना मुख्यतः युरोपातल्या विद्यार्थ्यांना काही महिने दुसऱ्या युरोपीय देशात शिकण्याची संधी देत असे. नव्या योजनेत जगभरातल्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला आणि वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांनी मिळून एक पदवी चालवावी, अशी रचना आली. पत्रकारितेचा अभ्यासक्रम २००५ पासून सुरू आहे. आर्हुस विद्यापीठ आणि त्याच शहरातील डॅनिश स्कूल ऑफ मीडिया अँड जर्नलिझम या दोन संस्था पहिले वर्ष एकत्रितपणे चालवतात. दोन वर्षांचे मिळून १२० श्रेयांक होतात. युरोपीय पद्धतीत एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम गृहीत धरले जाते, म्हणजे वर्षाला किमान १५०० तास अभ्यासासाठी राखून ठेवावे लागतात. शिकता शिकता आपल्या जुन्या वृत्तपत्रासाठी पूर्वीइतकेच लिहीत राहू, असा बेत आखणाऱ्यांनी हा आकडा आधी नीट पाहावा.

दोन संस्थांची ही जोडी वरवर पाहता प्रशासकीय सोय वाटते, पण अभ्यासक्रमाचा स्वभाव तिच्यातूनच घडलेला आहे. आर्हुसमध्ये पत्रकारांसाठीचे शिक्षण १९४६ पासून विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाले आणि १९६२ साली पत्रकारितेची स्वतंत्र शाळा उभी राहिली. शाळेकडे व्यवसायाची परंपरा आहे, विद्यापीठाकडे माध्यमांच्या अभ्यासाची. त्यामुळे एका तासाला बातमीचा पहिला परिच्छेद कसा घट्ट करावा यावर बोलणारा शिक्षक भेटतो आणि दुसऱ्या तासाला, ‘बातमी’ म्हणून आपण जे निवडतो ते कोणत्या सवयींमुळे निवडतो, असे विचारणारा अभ्यासक भेटतो. काही विद्यार्थ्यांना ही ओढाताण त्रासदायक वाटते. मला मात्र तीच या वर्षाची सर्वांत मोठी देणगी वाटली, कारण प्रत्यक्ष वृत्तकक्षात दुसरा प्रश्न विचारायला कोणालाच वेळ नसतो.

पहिल्या वर्षात सर्वांत उपयोगी काय, असे मला कोणी विचारले, तर मी सामाजिक शास्त्रांच्या संशोधनपद्धतींचे नाव घेते. अनेक पत्रकार या विषयाकडे नाइलाजाने बघतात, संख्याशास्त्राचा धसका घेतात आणि तो कसाबसा पार पाडतात. एक साधे उदाहरण देते. सुमारे एक हजार लोकांच्या जनमत चाचणीत त्रुटीची मर्यादा साधारण तीन टक्के बिंदूंची असते. एखाद्या नेत्याची पसंती गेल्या महिन्यापेक्षा दोन बिंदूंनी घसरली, एवढ्यावरून ‘लोकप्रियतेला ओहोटी’ असे शीर्षक देणे म्हणूनच चुकीचे ठरते, कारण ती घसरण केवळ नमुन्याच्या योगायोगातूनही दिसू शकते. नमुना कोणी निवडला, प्रश्नाचे शब्द काय होते, उत्तर न देणाऱ्यांचे काय केले, हे प्रश्न तिथे इतक्या वेळा घोटून घेतले जातात, की नंतर कोणताही अहवाल हातात आला तरी नजर आधी निष्कर्षांकडे न जाता पद्धतीच्या प्रकरणाकडे जाते. मुलाखतींचेही तसेच. पत्रकार मुलाखत घेतो ती वापरण्याजोगे वाक्य मिळवण्यासाठी. संशोधक मुलाखत घेतो, तेव्हा वीस माणसे एकाच गोष्टीविषयी कशा वेगवेगळ्या तऱ्हेने बोलतात, हे तो मांडून पाहतो. या दोन्ही रीती शिकलेल्या वार्ताहराला, सर्वांत ठसकेबाज बोलणारा माणूस त्याच्या समूहाचा प्रतिनिधी असेलच असे नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

वर्गाची घडण हा या वर्षाचा दुसरा आधार आहे. अनेक खंडांतून आलेले, बहुतेक जण आधी कुठे ना कुठे बातम्या दिलेले असे विद्यार्थी एकत्र बसतात आणि बरेच काम गटांत करावे लागते. एक प्रसंग असा आहे, की ज्याची चर्चा आर्हुसमध्ये टाळणे कठीण आहे. ३० सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे हा अभ्यासक्रम सुरू झाला त्याच वर्षी, याच शहरात मुख्यालय असलेल्या युलांड्स-पोस्टेन या वृत्तपत्राने प्रेषित महंमदांवरील बारा व्यंगचित्रे प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षाच्या आरंभी अनेक देशांत निदर्शने झाली, दमास्कसमधील डॅनिश दूतावासाला आग लावण्यात आली, आणि जगभरातल्या संपादकांपुढे ती चित्रे पुन्हा छापावीत की नाहीत, असा प्रश्न उभा राहिला. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर पुस्तकी मांडणी करणे सोपे असते. पण ज्याच्या देशात ती चित्रे छापणारा संपादक तुरुंगात जाऊ शकतो आणि ज्याच्या देशात न छापणाऱ्या संपादकाला भित्रा म्हटले जाते, असे दोघे एकाच टेबलावर बसून हा निर्णय मांडतात, तेव्हा दोघांनाही आपली भूमिका पहिल्यांदा पूर्णपणे शब्दांत मांडावी लागते. अशा चर्चांचे मोल मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक वाटते, आणि एका देशाच्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गात ते मिळणे अवघड आहे.

डॅनिश शिक्षणाच्या काही रीती सरावाव्या लागतात. शिक्षकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि त्यांच्याशी मतभेद व्यक्त करणे हे उद्धटपणाचे लक्षण मानत नाहीत, उलट गप्प बसणाऱ्या विद्यार्थ्याची तयारी नाही असा समज होतो. तोंडी परीक्षेत अनेकदा आपल्या शिक्षकाबरोबर बाहेरचा परीक्षकही बसतो, त्याला ‘सेन्सॉर’ म्हणतात. गुणांची श्रेणी सात पायऱ्यांची आहे, १२, १०, ७, ४, ०२, ०० आणि उणे ३. मधले आकडे दिलेच जात नाहीत. शेकडा गुणांची सवय असलेल्याला आलेला ७ हा आकडा निराशाजनक वाटू शकतो, पण तिथे तो चांगल्या कामाचा शेरा आहे. पुढे दुसऱ्या विद्यापीठात वा नोकरीसाठी कागद दाखवताना ही श्रेणी समजावून सांगणारे पत्रक सोबत जोडावे.

शहराविषयी थोडक्यात सांगायचे तर आर्हुस हे डेन्मार्कमधले दुसऱ्या क्रमांकाचे शहर असूनही पायी आणि सायकलने आटोक्यात येते, आणि बंदराजवळचे २०१५ साली उघडलेले डोक वन हे सार्वजनिक ग्रंथालय कामासाठी उत्तम आहे. पत्रकारितेतल्या नव्या विचारांत रस असणाऱ्यांनी कन्स्ट्रक्टिव्ह इन्स्टिट्यूटचे कार्यक्रम चुकवू नयेत. डॅनिश सार्वजनिक प्रसारण संस्थेचे वृत्तप्रमुख राहिलेले उलरिक हागेरुप यांनी २०१७ साली ही संस्था आर्हुस विद्यापीठाच्या आवारात सुरू केली. समस्येबरोबर ती सोडवण्याच्या प्रयत्नांचेही तितक्याच कठोरपणे वार्तांकन करावे, असा तिचा आग्रह आहे. तो सर्वांना पटत नाही, आणि त्या मतभेदांतूनच बरेच शिकता येते.

आता मर्यादा. हा अभ्यासक्रम वार्ताहर घडवत नाही. आधीच वार्ताहर असलेल्या माणसाला विचार करायला लावतो. कॅमेरा, ध्वनिमुद्रण, संपादनाची यंत्रणा, रोजच्या मुदतीत बातमी देण्याची शिस्त, हे ज्याला शिकायचे आहे त्याने दुसरीकडे पाहावे. त्याहून मोठी अडचण भाषेची आहे. शिकवणे इंग्रजीतून होते आणि डेन्मार्कमध्ये बहुतेकांशी इंग्रजीत संवाद साधता येतो, म्हणून सुरुवातीला सारे सुकर वाटते. पण नगरपालिकेच्या बैठकीचे इतिवृत्त, न्यायालयाचा निकाल, वृद्धाश्रमाच्या तपासणीचा अहवाल हे सगळे डॅनिशमध्ये असते. परिणामी परदेशी विद्यार्थ्याचे वार्तांकन सहजच इंग्रजी बोलणाऱ्या वर्तुळाभोवती, म्हणजे विद्यापीठे, स्थलांतरित, आंतरराष्ट्रीय संस्था यांच्याभोवती फिरू लागते. स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी करण्याची आशा धरणाऱ्याने ती भाषा येत नसताना ठेवू नये. डॅनिश शिकायला पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली, तर वर्षअखेरीस मथळे आणि लहान बातम्या कळू लागतात. तेवढ्यानेही खूप फरक पडतो, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या वर्षाच्या ठिकाणांची यादी कालांतराने बदलत आली आहे, त्यामुळे अर्ज करतानाची अधिकृत यादीच ग्राह्य धरावी. ज्या तीन ठिकाणांविषयी मी खात्रीने बोलू शकते त्यांचे स्वभाव परस्परांपासून फार वेगळे आहेत. ॲमस्टरडॅम विद्यापीठातला भर राजकारण आणि संज्ञापन (कम्युनिकेशन) यांच्या संबंधावर आहे आणि तिथली पद्धत प्रामुख्याने संख्यात्मक आहे. मतदारांवर बातम्यांचा परिणाम कसा होतो, प्रचारातली विधाने माध्यमांत किती आणि कोणत्या चौकटीत येतात, असे प्रश्न तिथे सर्वेक्षणे, प्रयोग आणि मजकुराच्या संगणकीय विश्लेषणातून सोडवले जातात. ज्याला आकड्यांची भीती वाटते त्याने केवळ शहराच्या मोहाने हा पर्याय निवडू नये. ज्याला विदा-पत्रकारितेकडे, म्हणजे आकडेवारीतून बातमी शोधण्याकडे, किंवा पुढे पीएचडीकडे जायचे आहे त्याच्यासाठी मात्र याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

प्राग मला अतिशय जवळचे वाटते. १३४८ साली स्थापन झालेल्या चार्ल्स विद्यापीठात, एकाधिकारशाहीतून लोकशाहीकडे जाताना माध्यमांचे काय होते, हा अभ्यासाचा गाभा आहे, आणि त्यासाठी लागणारी साधने शहरभर पसरलेली आहेत. १९८९ साली तिथली कम्युनिस्ट राजवट संपवणाऱ्या शांततामय क्रांतीपूर्वी टंकलेखनयंत्रावर कार्बन कागद घालून गुपचूप प्रती काढणारी आणि हातोहात वाटणारी माणसे ज्या पिढीत होती, त्या पिढीला तिथे अजूनही भेटता येते. सेन्सॉरशिपच्या काळातले कागद अभिलेखागारांत उपलब्ध आहेत. शीतयुद्धाच्या काळात म्युनिकमधून पूर्व युरोपात प्रसारण करणारे रेडिओ फ्री युरोप १९९५ साली प्रागला स्थलांतरित झाले, हीसुद्धा त्याच इतिहासाची खूण आहे. ज्या पत्रकाराच्या मनात सत्ता आणि माध्यमे यांचा प्रश्न जागा आहे, त्याला प्रबंधासाठी इथे इतके साहित्य मिळते, की विषय आवरणेच कठीण होते.

म्युनिकमधील लुडविग माक्सिमिलियन विद्यापीठात वेगवेगळ्या देशांतल्या पत्रकारितेच्या संस्कृतींचा तुलनात्मक अभ्यास होतो. पत्रकार स्वतःला पहारेकरी समजतो, की शिक्षक, की निव्वळ नोंद करणारा, आणि हे देशागणिक का बदलते, अशा प्रश्नांवर तिथे काम चालते. शहराला वृत्तपत्रांचा मोठा वारसा आहे. १९४५ साली सुरू झालेले स्युडडॉयचे त्साइटुंग इथलेच, आणि परदेशी कंपन्यांच्या आड लपवलेल्या संपत्तीविषयीच्या, २०१६ साली जगासमोर आलेल्या पनामा कागदपत्रांचा सुमारे १ कोटी १५ लाख दस्तऐवजांचा साठा आधी याच वृत्तपत्राच्या हाती लागला होता. मात्र इथेही भाषेचा मुद्दा राहतोच. जर्मन येत नसेल तर हा वारसा लांबूनच पाहावा लागतो.

पैशांविषयी उघडपणे बोलले पाहिजे. इरास्मस मुंडस शिष्यवृत्ती दरमहा १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने मिळते, आणि शिष्यवृत्तीधारकाला शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही. प्रवास, व्हिसा आणि घर बदलण्याचा खर्च याच रकमेतून करायचा असतो. रक्कम सर्व देशांत सारखीच आहे. प्रागमध्ये तिच्यात नीट राहता येते आणि थोडी शिल्लकही पडते, ॲमस्टरडॅम आणि म्युनिकमध्ये घरभाडे तिचा फार मोठा भाग गिळून टाकते. ज्याला दुसरे वर्ष या दोन शहरांत घालवायचे आहे त्याने पहिल्या वर्षीच बचत सुरू करावी आणि खोलीचा शोध वसंत ऋतूतच हाती घ्यावा.

उरलेली तूट नोकरीतून भरून काढू, असे म्हणणाऱ्यांनी प्रत्येक देशाचे नियम स्वतंत्रपणे वाचावेत. डेन्मार्कमध्ये परदेशी विद्यार्थ्याला महिन्याला ९० तास आणि उन्हाळ्याच्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत पूर्णवेळ काम करता येते. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस ही मर्यादा आहे. तिथे पत्रकाराच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. मुक्त (फ्रीलान्स) पत्रकारिता हा स्वयंरोजगार ठरतो आणि विद्यार्थ्याच्या निवास परवान्यावर तो करायचा असेल, तर परदेशी नागरिक कार्यालयाकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते. लेखाचे मानधन ही किरकोळ गोष्ट आहे असे समजून कोणी याकडे दुर्लक्ष करू नये.

निवास परवान्याचा प्रश्न पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या सांध्यावर पुन्हा उभा राहतो. एका सदस्य देशात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला दुसऱ्या सदस्य देशात सुलभपणे जाता यावे, यासाठी युरोपीय संघाचा २०१६ सालचा एक निर्देश आहे, पण डेन्मार्क त्याला बांधील नाही. त्यामुळे आर्हुसमधला परवाना हातात असला तरी पुढच्या देशासाठी प्रक्रिया नव्याने करावी लागते, आणि ती नेमकी परीक्षांच्या दिवसांत येते. जन्मदाखला, पदवीची कागदपत्रे, विमा आणि शिष्यवृत्तीचे पत्र यांच्या अधिकृत प्रती पहिल्याच दिवसापासून एका फाइलमध्ये तयार असल्या, तर हा काळ सुसह्य होतो.

ब्रिटिश सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीशी तुलना अनेक जण करतात. ती १९८३ पासून दिली जाते, एका वर्षाची असते, किमान २८०० तासांचा कामाचा अनुभव मागते आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट घालते. ज्याची नोकरी राखीव आहे, ज्याला एका वर्षात परतायचे आहे आणि ब्रिटनमधील विशिष्ट अभ्यासक्रम हवा आहे, त्याच्यासाठी ती निःसंशय सोयीची आहे. इरास्मस मुंडसमध्ये परतण्याची सक्ती नाही, देश दोन पाहायला मिळतात, पण वृत्तकक्षापासून दोन वर्षे दूर राहावे लागते. पत्रकारितेत दोन वर्षे हा मोठा काळ आहे. ओळखी विरळ होतात, जागा भरल्या जातात. माझ्या वर्गमित्रांपैकी कित्येक जण नंतर संशोधनात, स्वयंसेवी संस्थांत किंवा संज्ञापनाच्या नोकऱ्यांत गेले. ते तिथे चांगले काम करीत आहेत, तरी बातमीदारीतच राहायचे ठरवलेल्याने या दोन वर्षांत आपल्या संपादकांशी संपर्क जाणीवपूर्वक टिकवून ठेवला पाहिजे.

शिष्यवृत्ती न मिळाल्यास स्वखर्चाने जावे का, या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीचे शुल्क आणि दोन वर्षांचा राहण्याचा खर्च कर्ज काढून उभा केला, तर तो फेडण्याइतका पगार पत्रकारितेत फार थोड्यांना मिळतो. कर्जाच्या दडपणाखाली मिळेल ती बिगर-पत्रकारितेची नोकरी स्वीकारावी लागली, तर ज्या कामासाठी शिकलो तेच हातातून निसटते. नकार आल्यास पुढच्या वर्षी अधिक चांगल्या बातम्या जोडून पुन्हा अर्ज करणे केव्हाही श्रेयस्कर.

अर्जासाठी वयाची घाई करू नये, असेही मी सुचवीन. अभ्यासक्रम पत्रकारितेचा काही महिन्यांचा तरी प्रत्यक्ष अनुभव मागतो, पण काही महिन्यांच्या आणि दोन-तीन वर्षांच्या अनुभवात वर्गात बसल्यावर फार अंतर दिसते. ज्याने एखादा विषय, मग तो पाण्याचा असो, न्यायालयांचा असो वा स्थलांतराचा, सातत्याने हाताळलेला आहे, त्याच्यापाशी संशोधनपद्धतींना विचारायला स्वतःचे प्रश्न असतात आणि प्रबंधाचा विषय शोधत त्याला भटकावे लागत नाही. मातृभाषेतून काम करणाऱ्यांनी आपल्या दोन-तीन सर्वोत्तम बातम्यांचे इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवावे, आणि प्रत्येक बातमीबरोबर ती कशी मिळवली, कोणते कागद तपासले, प्रसिद्धीनंतर काय घडले, हे चार ओळींत लिहावे. उद्देशपत्रात पत्रकारितेवरील प्रेमाचे वर्णन करण्यापेक्षा, आपल्या कामात कुठे माहिती किंवा पद्धत अपुरी पडली आणि निवडलेल्या विद्यापीठातला कोणता विषय ती उणीव भरून काढील, हे नेमके सांगावे. ही शिष्यवृत्ती एकदा घेतलेल्या व्यक्तीला पुन्हा मिळत नाही. म्हणून पदवी हातात पडताच अर्ज करण्याऐवजी आधी काही काळ वार्ताहर म्हणून घालवावा, अशीच माझी शिफारस आहे.